वाटेसाठी एक रकाना : जिल्हा नियोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सदस्य सचिव आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती

सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीला एक उत्तर आलं. पानभराचंच आहे. बायपासच्या भरावाखालून गावाच्या जुन्या वाटेवर भुयारी मार्ग द्यावा, अशी मागणी आम्ही ग्रामसभेच्या ठरावासह पाठवली होती. उत्तरात लिहिलंय की प्रकल्प अहवाल तयार झाला त्या वेळी सदर ठिकाणी वस्ती नव्हती, सबब मागणी मान्य करता येत नाही.

ते पत्र घेऊन आम्ही चौघे ले-आउटला मंजुरी देणाऱ्या कार्यालयात गेलो. बायपासच्या पलीकडे ६८ प्लॉटच्या वस्तीला परवानगी देताना लोकांनी गावात यायचं कुठून याचा विचार झाला होता का, असं विचारलं. तिथल्या साहेबांनी फाइल काढून दाखवली. रेखांकन मंजूर झालं तेव्हा जागेवर भराव नव्हता, गावाकडे जाणारी पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट होती आणि तीच पोचरस्ता म्हणून धरली होती.

दोन्ही उत्तरं खरी आहेत. एकाही कार्यालयाने खोटं सांगितलेलं नाही आणि कुणी नियम मोडल्याचं मला तरी दिसत नाही. तरीही आज शंभरावर माणसं सहा-सात मीटर उंच भरावाच्या पलीकडे अडकली आहेत. शाळा, दवाखाना, रेशन दुकान, स्मशानभूमी, सगळं अलीकडे. म्हणून हे पत्र कोणत्याही एका कार्यालयाला न लिहिता आपल्याला लिहितोय, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून खुलं लिहितोय.

गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. धुळे-जळगाव पट्ट्यातलं कोणतंही रस्त्यालगतचं गाव धरा, ही गोष्ट कमी-जास्त फरकाने तिथे लागू पडेल. मी स्वतः ३१ वर्षं भूकरमापक म्हणून नोकरी केली. साखळीने मोजायला शिकलो, प्लेन टेबलावर हात बसला आणि निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मशीनवर काढली. खान्देशातल्या शिवारांतले किती बांध मोजले याचा हिशेब नाही. शेतीही आहे. त्या शेताचे आता दोन तुकडे झालेत. विहीर अलीकडे राहिली, कापूस पलीकडे. पाइपलाइन भरावाखालून न्यायला परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत एक पूर्ण हंगाम गेला. पण माझ्या शेतापुरतं असतं तर एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं.

उत्तर आलं त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी तालुक्याला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून तीन नकाशे एका मापात करून आणले. गावाचा गट नकाशा एका प्रमाणात असतो, महामार्गाचा दुसऱ्या, ले-आउटचा तिसऱ्या. दुकानदाराने तीनदा कागद वाया घालवले, तेव्हा कुठे मापं जुळली. घरी येऊन पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक लावले. जुळवायला तीन खुणा धरल्या: मारुतीचं देऊळ, पाटलांची विहीर आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. मग ट्रेसिंग पेपरवर महामार्ग लाल पेन्सिलीने काढला, ले-आउट निळ्या आणि गावाची जुनी वाट काळ्या. तिन्ही रेघा एका जागी येतात. तिथे बोट ठेवलं की बोटाखाली तिन्ही झाकल्या जातात.

या कामाला मला एक सकाळ लागली आणि झेरॉक्सचे दीडशे रुपये. गेल्या सात-आठ वर्षांत हे तीन कागद कोणत्याही सरकारी टेबलावर एकदाही एकत्र आले नाहीत.

आपल्यापुढे मांडायची पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती वाट. आमच्या गाव नकाशावर ती दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली आहे. नकाशा वाचणाऱ्याला माहीत असतं की दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. या रेघा कुणी गंमत म्हणून काढलेल्या नाहीत. मूळ मोजणीच्या वेळी लोक ज्या वाटेने जात-येत होते तिची ती नोंद आहे. आमची वाट गावठाणातून निघते, लेंडी नाला ओलांडते आणि नदीवर जाते. बैलगाड्या तिच्यावरून गेल्या, नंतर ट्रॅक्टर गेले. श्रावणात कानबाईचं विसर्जन याच वाटेने व्हायचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवायची आणि सोमवारी सकाळी बायकांनी डोक्यावर घेऊन नदीवर न्यायची, असा इथला रिवाज. गेल्या श्रावणात कानबाई डोक्यावर घेतलेल्या बायका भरावाच्या उतारावरून वर चढल्या, मधला कठडा ओलांडला आणि पलीकडे उतरल्या. दोन्ही बाजूंना तरुण पोरं हात करून ट्रक थांबवत होती. माझी बायको त्यांत होती. मी खाली उभा होतो आणि त्या दहा मिनिटांत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ही वाट महामार्गाच्या आराखड्यात का आली नाही, हे मला माझ्या नोकरीमुळे कळतं. रस्त्याच्या यादीत ज्याला नंबर आहे, म्हणजे राज्यमार्ग, जिल्हा मार्ग किंवा नंबर पडलेला ग्रामीण मार्ग, तो आराखडा करणाऱ्याला दिसतो. पांदणीला नंबर नसतो. पुढे संपादनासाठी संयुक्त मोजणी होते. अशा मोजण्या मी स्वतः केल्या आहेत, चुना टाकला आहे, दगड रोवले आहेत. माझ्या काळच्या पत्रकात गट नंबर, क्षेत्र, झाडं, विहीर, पाइपलाइन, गोठा, पत्र्याचं शेड, सगळ्यांना रकाने होते. आंब्याचं झाड मोजलं जायचं. वाटेला रकाना नव्हता. कुणाची विहीर गेली तर तिचे पैसे मिळतात, वाट गेली तर ती गेल्याचं कागदावर कुठे उमटतच नाही, कारण ती कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसते. त्या वेळी मी हे वरिष्ठांना लिहून द्यायला हवं होतं. दिलं नाही. आज देतोय.

आमच्या गल्लीतल्या एका आजीने मोजणीवाल्या पोरांना विचारलं होतं, “भाऊ, रस्ता तुमना शे, पन वाट ते आमनी व्हती ना?” त्या पोरांकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडून ते हवं आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमचं शिवार काळ्या जमिनीचं, उतार अगदी कमी. पावसाचं पाणी दोन-तीन जागांनी सावकाश नाल्याकडे सरकायचं. भराव झाल्यावर ते धरणासारखं अडतं. मोऱ्या दिल्या आहेत, नाही असं नाही. पण वरच्या बाजूला पुढे ले-आउट झाला, तिथली जमीन सपाट केली गेली, मुरूम पडला, सिमेंटचे रस्ते झाले. जमिनीत मुरणारं पाणी आता वाहून येतं, आणि मोरीचं तोंड मात्र शेत होतं त्या वेळच्या हिशेबाचं. एका पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं. मोरी बांधणाऱ्याला ले-आउट माहीत नव्हता, ले-आउट मंजूर करणाऱ्याला मोरीचं माप माहीत नव्हतं.

तिसरी, उलट्या बाजूने जाणारी वाहनं. दुभाजकातला जवळचा कट आमच्यापासून तीन किलोमीटरवर आहे. पलीकडच्या माणसाला गावात यायचं तर तीन किलोमीटर पुढे जाऊन वळायचं आणि तीन किलोमीटर मागे यायचं. सर्व्हिस रोड अर्ध्यावर संपतो. दिवसातून चार वेळा ये-जा असणारा माणूस एवढा वळसा रोज घेत नाही. मोटारसायकल उलट्या बाजूने कडेकडेने घालतो. याच कडेवर गेल्या वर्षी आमच्या ओळखीतला बावीस वर्षांचा मुलगा गेला. डेअरीत दूध घालून परत निघाला होता. कागदावर कारण लागलं: विरुद्ध दिशेने वाहन चालवणे. त्याच्या आईला हे कारण समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली आणि मला ते जमलं नाही.

बसचंही तसंच. लांब पल्ल्याच्या गाड्या पूर्वी गावाच्या फाट्यावर थांबायच्या. तिथे चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, निंबाचा पार होता. आता गाड्या बायपासवरून जातात आणि कंडक्टर उजाड जागी उतरवून देतो. कॉलेजच्या मुली तिथून दोन किलोमीटर अंधारात चालत येतात. नवा थांबा कुठे असावा, तिथे दिवा आणि शेड कुणी करायचं, हे आजवर ठरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेस आणतो, कारण पुढची संकटं तिच्यातून येणार आहेत. बायपासची कुणकुण लागली की दोन्ही बाजूंच्या जमिनीची भाषा बदलते. एकराने बोलणारी माणसं चौरस फुटाने बोलायला लागतात. ‘हायवे टच’ अशा पाट्या कापसात उभ्या राहतात. गावाबाहेरच्या महामार्गासाठी मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा, म्हणजे जिच्या आत बांधकाम नको, आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा, म्हणजे जिच्या आत परवानगीशिवाय बांधकाम नको, अशी मर्यादा आहे. तिच्या आत पत्र्याची शेडं, हॉटेलं, गॅरेजं उभी राहताना आम्ही रोज पाहतो. वाहतूक गावाबाहेर जावी म्हणून बायपास करायचा, त्या बायपासच्या अंगाला गाव चिकटू द्यायचं, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्या गर्दीला वळसा घालायला दुसऱ्या बायपासचं संपादन काढायचं. जमीन प्रत्येक वेळी शेतकऱ्याची जाते.

हे मी मनचं सांगत नाही. जळगाव पाहा. जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा महामार्ग शहराच्या पोटातून जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही नावं जळगावकरांना अपघातांच्या बातम्यांमुळे पाठ झाली. दोन्ही अंगांना कॉलन्या वाढत गेल्या, पण त्यांना आपसांत जोडणारे समांतर रस्ते वेळेवर झाले नाहीत. दूध आणायला निघालेली बाई आणि कोलकात्याला निघालेला ट्रक एकाच डांबरावर आले. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलन करावं लागलं. नंतर पाळधीपासून तरसोदपर्यंत बायपास झाला. माझी कळकळीची विनंती आहे, त्या बायपासच्या कडेने आज काय उभं राहतंय ते आपण एकदा गाडी सावकाश चालवत पाहून या.

रेल्वेनेही हेच शिकवलं आहे. जळगावात शिवाजीनगरकडे जाणारा जुना पूल पाडल्यावर नवा होईपर्यंत त्या भागातल्या लोकांनी कसे दिवस काढले, हे त्यांनाच विचारा. एका पुलावर शहराचा एक भाग लटकलेला असणं, ही चूक पूल पाडणाऱ्यांची नव्हती. रुळांच्या पलीकडे वस्ती वाढत होती त्या पन्नास-साठ वर्षांत ती झाली.

माझा रस्त्याला विरोध नाही, हे इथेच स्पष्ट लिहितो. सावदा-रावेरच्या केळीला वेळेत बाजार गाठायचा असतो, एक दिवस उशीर झाला तर माल काळा पडतो. धुळ्यावरून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे मार्ग जातात, त्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. चौपदरीकरण व्हायलाच हवं होतं, उशिरा झालं. माझी जमीन गेली तेव्हा मी हरकत घेतली नव्हती.

आता प्रश्न येईल की हे आमच्याकडे का? महामार्ग केंद्राचा, रेल्वे केंद्राची, समितीच्या हातात काय?

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने अनुच्छेद २४३ झेडडी आला. जिल्हा नियोजन समितीने जिल्ह्याचा विकास आराखडा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक विषयांचा विचार करायचा आहे, आणि त्या विषयांत जागेचं नियोजन, पाण्याची वाटणी आणि पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास हे शब्द स्पष्ट आहेत. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली स्वतंत्र अधिनियम केला. म्हणजे कोणता रस्ता कुठून जाणार आणि त्याच्या शेजारी काय वसणार, हे एकत्र बघण्याची जबाबदारी घटनेने ज्या मोजक्या जागी ठेवली, त्यांतली एक आपली समिती आहे. गावोगाव समितीची ओळख मात्र निधी वाटणारी बैठक एवढीच राहिली आहे. सभामंडप, हायमास्ट दिवे, काँक्रीटचे रस्ते यांच्या याद्या मंजूर होतात. त्या कामांची गरज मी नाकारत नाही. पण जिल्ह्याचा नकाशा त्या बैठकीत भिंतीवर लागलेला असतो का?

दुसरं कारण माझ्या खात्याच्या अनुभवातलं. मार्ग केंद्राचा असला तरी जमीन जिल्ह्याची असते आणि कागद जिल्ह्यातच फिरतात. महामार्गाच्या संपादनाचं काम बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी पाहतात. नगरपालिकेबाहेरच्या ले-आउटची मंजुरी महसूल खात्यातून जाते, नगररचना कार्यालय अभिप्राय देतं. मोजणी भूमी अभिलेखची. ही कार्यालयं कित्येक ठिकाणी एकाच आवारात, पायी पाच मिनिटांच्या अंतरात आहेत. आणि जिल्हाधिकारी हे आपल्या समितीचे सदस्य सचिव आहेत. तिन्ही नकाशे त्यांच्या अधिकाराखालून जातात, फक्त वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या फायलींतून.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा वेगळेपणा आणखी जाचतो. महामार्ग अधिनियमाची ३अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात. रेल्वेच्या विशेष प्रकल्पाला ३० दिवस. विकास आराखड्यालाही ३० दिवस, पण कायदा वेगळा, कार्यालय वेगळं, वर्षही वेगळं. महामार्गाच्या सुनावणीत माणूस म्हणतो, “साहेब, पलीकडे वस्ती होणार आहे.” उत्तर मिळतं, तो विषय नगररचनेचा. नगररचनेकडे म्हणतो, “इथून महामार्ग जाणार आहे.” उत्तर मिळतं, अंतिम आखणी आमच्याकडे आलेली नाही. त्याने कोणत्या दाराशी जायचं?

ही वेळ साधण्याचं कारण आता सांगतो. मनमाड-इंदूर नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर लांबी, १८,०३६ कोटी रुपये खर्च, ३० नवी स्थानकं. मार्ग धुळे जिल्ह्यातून जातो. इथल्या कितीतरी पिढ्यांनी या रेल्वेची वाट पाहिली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात जळगाव-मनमाड चौथा मार्ग आणि भुसावळ-खंडवा तिसरा-चौथा मार्ग मंजूर झाले, १६० आणि १३१ किलोमीटरचे. हे सगळं आपल्या खान्देशाच्या जमिनीवर उतरणार आहे. जिथे स्थानक होईल तिथे स्टेशन रोड होईल, बाजार होईल, गोदामं होतील, भाड्याच्या खोल्या होतील. भुसावळ त्याचा जिवंत दाखला आहे. रेल्वेने वाढवलेलं गाव, आणि रुळांनीच त्याचे दोन भाग केले. नव्या स्थानकांभोवती जमिनींचे व्यवहार बांधकामाची वाट पाहत थांबणार नाहीत. रस्ते, नाले, शाळेची जागा, बसची जागा आत्ता नकाशावर धरल्या नाहीत तर पुढे त्या संपादित करायला पैसे पुरणार नाहीत.

आणि यासाठी नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे, त्यात नगररचना परियोजनेची तरतूद आहे. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, मोकळ्या जागा, सार्वजनिक भूखंड आधी काढायचे आणि प्रत्येकाला लहान पण रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. एकाची पूर्ण जमीन जाते आणि शेजारचा रातोरात मालामाल होतो, हा अन्याय त्यात बराच कमी होतो. मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा, म्हणजे ही पद्धत आपल्याला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. जमिनीचा वापर आणि वाहतूक यांचं नियोजन एकत्र करा, असं २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलेलं आहे. निरनिराळ्या मंत्रालयांचे प्रकल्प एका नकाशावर आणायचे म्हणून केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये गतिशक्ती योजना सुरू केली. दिल्लीला पटलेली गोष्ट जिल्ह्याच्या टेबलावर का उतरत नाही?

धुळे शहराकडे बघून मला नेहमी एक वाटतं. १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशाचं मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखली. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात गल्ल्या. आजही लोक पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असंच सांगतात. आधी रस्ते आखले, मग घरं बांधली. दोनशे वर्षांपूर्वी साखळी आणि खुंट्यांवर जे झालं, ते आज उपग्रहाची चित्रं हाताशी असताना अवघड असू नये.

आमच्या मागण्या अशा आहेत.

समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘वाहतूक प्रकल्प आणि जमीन वापर’ हा विषय घ्यावा. जागेच्या नियोजनासाठी उपसमिती नेमावी. तिच्यात नगररचना, भूमी अभिलेख, बांधकाम, महामार्ग, रेल्वे, परिवहन यांचे प्रतिनिधी असावेत आणि ज्या गावांतून मार्ग जातो तिथले सरपंचही असावेत. ही उपसमिती दर तीन महिन्यांनी बसावी.

जिल्ह्यातला प्रत्येक मंजूर आणि प्रस्तावित रस्ता, रेल्वेमार्ग, बायपास गावाच्या गट नकाशावर चढवून तो नकाशा ग्रामपंचायतीत आणि तलाठी कार्यालयात लावावा. शेतकऱ्याला आपला गट नंबर शोधता येईल एवढा मोठा आणि मराठीत.

संयुक्त मोजणीच्या पत्रकात वाटेसाठी रकाना घालावा. गाव नकाशावरचा प्रत्येक गाडीमार्ग आणि पायमार्ग नव्या मार्गाला जिथे छेदतो, त्या जागांची यादी व्हावी. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि प्रत्येक जागेपुढे ओलांडण्याची सोय काय, ते लिहावं. नसेल तर का नाही, हेही लिहावं.

अधिसूचित मार्गापासून ठरावीक अंतरातल्या कोणत्याही ले-आउटला मंजुरी देताना मार्ग बांधणाऱ्या यंत्रणेचा लेखी अभिप्राय घ्यावा. त्या यंत्रणेनेही आराखडा अंतिम करण्याआधी मंजूर ले-आउटची यादी मागून घ्यावी. पोचरस्ता आणि पाण्याचा निचरा दोन्ही कागदांवर सारखे दिसल्याशिवाय कोणत्याच बाजूने सही होऊ नये. नियंत्रण रेषेच्या आत नवं बांधकाम होणार नाही, याची जबाबदारी एका नावाच्या अधिकाऱ्यावर द्यावी.

मनमाड-इंदूर मार्गावर आपल्या हद्दीत जिथे जिथे स्थानक येणार, तिथे नगररचना परियोजनेचा प्रस्ताव जमिनीची खरेदी-विक्री भडकण्याआधी तयार करावा. पहिली बैठक त्या गावातच घ्यावी.

आणि आमच्या गावासाठी: जुन्या वाटेवर ट्रॅक्टर आणि बैलगाडी जाईल असा भुयारी मार्ग, अर्धवट सर्व्हिस रोड दोन्ही बाजूंनी पूर्ण, मोऱ्यांची नव्याने तपासणी, बसच्या थांब्याला शेड आणि दिवा. भराव आता फोडणं खर्चिक आहे, याची मला कल्पना आहे. पण तो खर्च कुणी करायचा यावर दोन कार्यालयांत पत्रव्यवहार सुरू असताना माणसं रोज कठडा ओलांडत आहेत. निधी केंद्राकडून आणायचा, राज्याकडून की जिल्हा वार्षिक योजनेतून, हे आपण ठरवा. भुयारी मार्ग होईपर्यंत शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी तिथे माणूस उभा करावा आणि वेग कमी करायला लावणारे फलक लावावेत. एवढं तर पुढच्या आठवड्यात होऊ शकतं.

तीन रंगांचा तो ट्रेसिंग पेपर मी प्लॅस्टिकमध्ये घालून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला आहे. पलीकडच्या वस्तीतले लोक येतात आणि आपलं घर शोधतात. परवा सातवीतली एक मुलगी आली. घर सापडल्यावर तिने तिथून बोट शाळेकडे नेलं आणि लाल रेघेशी थांबली. मग विचारलं, “बाबा, इथून पुढे कसं जायचं?”

येत्या बैठकीत मला दहा मिनिटं द्यावीत. नकाशे मी घेऊन येईन, आपल्याकडून फक्त एक मोठं टेबल हवं.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक व शेतकरी
खान्देश